रणांगणावरचा प्रश्न आणि सभेतला प्रश्न

ज्याच्या घरातला माणूस फौजेत आहे त्याने युद्धाविषयी दिलेला कौल अधिक ग्राह्य मानावा की कमी, हा प्रश्न वरवर पाहता व्यवहारातला दिसतो. परंतु थोडे खोल उतरले की तो धर्मविचाराच्या गाभ्याशी जाऊन भिडतो. साक्षीदाराचा फिर्यादीशी वा आरोपीशी रक्ताचा संबंध असला तर त्याची जबानी जपून तोलावी, असा न्यायदरबाराचा शिरस्ता आहे. आणि तोच येथे लावावयाचा म्हटले तर शिपायाची आई, बाप, बायको, भाऊ हे सगळेच युद्धाच्या बाबतीत संशयास्पद साक्षीदार ठरतात. भीतीने त्यांची बुद्धी झाकोळली आहे असे एक पक्ष म्हणतो, अभिमानाने झाकोळली आहे असे दुसरा म्हणतो. आणि ज्याचे काहीच पणाला लागलेले नाही त्यालाच वस्तुस्थिती स्वच्छ दिसते, या गृहीतावर मात्र दोघांचेही एकमत असते. परभणी जिल्ह्यातल्या गावांत, मुलगे फौजेत असलेल्या घरांशी बरीच वर्षे उठबस असल्यामुळे, हे गृहीत तपासून पाहावे असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे.

परभणीचाच दाखला घेण्याला कारण आहे. साताऱ्याकडे शिपाईगिरी वतनासारखी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली; तिकडचे अपशिंगे हे गाव तर ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखले जाते, आणि पहिल्या महायुद्धात त्या एका गावची ४६ माणसे कामी आल्याचे सांगतात. आमच्या गोदाकाठी असे काही नव्हते. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली, जुने लोक म्हणत तसा ‘मोगलाईत’, आणि फौज येथे होती ती दुसऱ्याची. पूर्वी याच जिल्ह्यात मोडणाऱ्या हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. त्या कंटिंजंटच्या खर्चापोटी निजामाला १८५३ साली वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली करावे लागले, १९०३ साली ती हिंदुस्थानी लष्करात विलीन झाली, तिच्या पलटणी पुढे हैदराबाद रेजिमेंटमध्ये गोवल्या गेल्या, आणि त्या रेजिमेंटचे नाव १९४५ साली बदलून कुमाऊँ रेजिमेंट झाले. हिमालयाच्या पायथ्याचे नाव मिरवणाऱ्या या पलटणींची मुळे दख्खनच्या मातीत निघावीत, ही इतिहासाची गंमत. पण येथल्या कुणब्याला त्या फौजेत स्वतःचे असे काही दिसत नसे. रस्त्याने जाताना लांब उभे राहून जिला वाट द्यावी, अशी ती वस्तू होती.

मग सप्टेंबर १९४८ आला. रझाकारांच्या धास्तीने ज्या घरांनी बायकामुलांना सरहद्दीपलीकडे पाठवले होते त्यांच्या दृष्टीने १३ तारखेला संस्थानात शिरलेली आणि १७ तारखेला निजामाची शरणागती मिळविणारी भारतीय फौज साक्षात मुक्तिदाती ठरली. १७ सप्टेंबरला आम्ही आजही ध्वजवंदन करतो ते त्याच कृतज्ञतेने. पण पाठोपाठच्या आठवड्यांत संस्थानातल्या कित्येक मुसलमान वस्त्यांवर जे गुदरले त्याची हकीगत पंडित सुंदरलाल यांच्या समितीने फिरून नोंदवली, आणि ती नोंद पुढे अनेक वर्षे सरकारी दप्तरात बंद राहिली. एकाच मोहिमेची स्मृती दोन मोहल्ल्यांत दोन प्रकारची असावी, आणि दोन्ही खऱ्या असाव्यात, हे मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला पुस्तकांतून शिकावे लागत नाही. त्या वेळी या दोन्ही मोहल्ल्यांतल्या घरांतले कोणी त्या फौजेत नव्हते, ही गोष्ट मात्र ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्यांच्यापुढे युद्ध आले ते आभाळातून पडल्यासारखे, म्हणून त्यांनी त्याचा विचार केला तो फळावरून.

आता काळ पालटला आहे. जिंतूर-सेलू-मानवतच्या रस्त्यांवर पहाटे निघाले तर सोळाशे मीटरची वेळ घड्याळात बसविण्यासाठी धावणारी पोरे हमखास दिसतात. कोरडवाहू पाच एकरांचे तीन भावांत वाटे झाल्यावर भरती हा त्यांच्या लेखी देशभक्तीचा जितका मार्ग आहे तितकाच पोटाचाही, आणि या दोहोंत विरोध आहे असे त्यांना वाटत नाही, मलाही वाटत नाही. नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्स्प्रेस परभणीला थांबते तेव्हा सुट्टी संपलेला एखादा जवान पांढऱ्या रंगात नाव-नंबर लिहिलेली काळी ट्रंक चढवीत असतो. खाली शेंगदाण्याच्या चटणीचा डबा अखेरच्या क्षणी खिडकीतून आत सारला जातो. (नरसीचे नामदेव सातशे वर्षांपूर्वी ज्या पंजाबात पायी गेले त्याच पंजाबात पोस्टिंग झालेली आमची पोरे गुरुद्वारात नामदेवांची पदे ऐकून चकित होतात, घरी फोनवर सांगायला तेवढा एक विषय तरी त्यांना मोकळेपणी मिळतो.) ज्या आईने आयुष्यात औरंगाबाद पाहिलेले नाही तिला कुपवाड्याला बर्फ कधी पडते आणि तवांगला फोन कधी लागत नाही हे ठाऊक असते. बातम्यांत इतरांना ‘सीमेवर तणाव’ ऐकू येतो. तिला फक्त गावाचे नाव ऐकू येते.

सेलूजवळच्या एका गावात हॉटेलच्या बाकावर घडलेला प्रसंग सांगतो. टीव्हीवर तोफा दाखवीत होते, आणि ‘एकदाचं होऊनच जाऊ द्या’ असा बाकावरच्यांचा सूर लागला होता. ज्यांचा धाकटा काश्मिरात होता ते एक गृहस्थ बशीतला चहा संपवून शांतपणे म्हणाले, “होऊ द्या म्हणायला काय जातंय? आपलं कोण हाय तिथं, ते मोजून म्हणा.” बाक गप्प झाला. पण याच गृहस्थांनी पुढे काही दिवसांनी, सप्ताहात आलेल्या एका पाहुण्या वक्त्याने युद्धमात्र हे मानवजातीचे वेड आहे असे सांगितल्यावर, मंडपाबाहेर मला गाठून तितक्याच शांतपणे विचारले, “मास्तर, मग माझं लेकरू येडं म्हणायचं का?” युद्ध हवे म्हणणाराही त्यांना खपला नाही आणि युद्ध पाप म्हणणाराही खपला नाही, कारण दोघेही ज्या युद्धाविषयी बोलत होते त्यात माणूस नव्हता.

आपल्या परंपरेतला युद्धाविषयीचा सर्वांत थोर संवाद अशाच एका आप्तग्रस्त माणसाच्या तोंडून सुरू होतो, हे आपण फार सहज विसरतो. अर्जुनाला शत्रू दिसत नाहीत. आजे, गुरू, मामे, भाऊ, नातू, सासरे दिसतात, आणि गांडीव गळून पडते. श्रीकृष्णाने या अवस्थेला मोह ठरवले, आणि पुढच्या शेकडो भाष्यकारांनी तोच निवाडा कायम केला. पण कोणत्या कारणास्तव? आप्तांविषयी कळवळा वाटणे हेच मुळात अज्ञान म्हणून, की तो कळवळा भलत्या ठिकाणी आणि भलत्या वेळी उफाळला म्हणून? गोदेच्याच खोऱ्यात, नेवाशाला, शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरांनी या प्रसंगाचे जे विवरण केले त्याचा रोख मला दुसऱ्या उत्तराकडे दिसतो: संग्रामाच्या घडीला कृपाळूपण कामाचे नाही, असे ते बजावतात; कृपाळूपणच वाईट, असे म्हणणारा तो पुरुष नव्हे. सैन्ये समोरासमोर उभी ठाकल्यावर, शंख वाजल्यावर, विचारलेला प्रश्न कितीही खरा असला तरी त्याचे उत्तर देण्याची मुदत टळून गेलेली असते. गीतेला मी या दृष्टीने उशिरा विचारलेल्या प्रश्नाचे काव्य समजतो.

आणि त्या अर्जुनाची आई? युद्धाला पाठ दाखवू नये म्हणून श्रीकृष्णाकरवी विदुलेच्या कथेचा जळजळीत निरोप पाठविणारी कुंती हीच, गंगेकाठी कर्णापुढे जाऊन उभी राहणारी कुंतीही हीच. महाभारतात युद्ध मागणारे पुष्कळ आहेत आणि युद्ध टाळू पाहणारेही पुष्कळ आहेत. पण ज्या युद्धाला आपण मुलांना उद्युक्त करतो आहोत त्याच्या दुसऱ्या बाजूलाही आपल्याच पोटचा एक उभा आहे, हे ज्ञान तिने एकटीने सोसले. युद्ध संपल्यावर, तर्पणाच्या वेळी, ‘त्यालाही पाणी द्या’ असे तिला सांगावे लागले, तेव्हा विजयी युधिष्ठिराचा विजय जागच्या जागी मातीमोल झाला. अर्जुनाला दोन्ही बाजूंची माणसे आपली वाटली, कुंतीला ती खरोखरच आपली होती. आमच्या आजच्या शिपायाच्या आईला एकाच बाजूचा मुलगा दिसतो. मोहाचा दोष काढावयाचाच असेल तर तो येथे काढावा: माया आहे हा दोष नव्हे, ती निम्म्या वाटेवर थांबते हा दोष. तेराव्या शिलालेखात कलिंगच्या एक लाख मृतांची आणि दीड लाख बंदिवानांची मोजदाद करून अशोक थांबत नाही. ज्यांना स्वतःला इजा झाली नाही, पण ज्यांचे स्नेही, सोबती, नातलग संकटात सापडले, त्यांचे दुःखही तो युद्धाच्या हिशेबात धरतो. राजाने खोदून ठेवलेल्या मजकुरात असा हिशेब मांडलेला मला दुसरीकडे कोठे आढळलेला नाही.

फौजेतला माणूस गेला म्हणजे घराच्या मतावर जे दडपण येते त्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. मरण व्यर्थ गेले असे मानून जगणे ही माणसाच्या ताकदीबाहेरची गोष्ट आहे. म्हणून ज्या घराने सर्वांत जास्त दिले ते घर पुष्कळदा त्या युद्धाच्या न्याय्यतेला सर्वांत घट्ट धरून बसते, आणि त्यात त्याचा दोष नाही. दोष आहे तो त्या दुःखाचा उपयोग करणाऱ्यांचा. शाल-श्रीफळ देऊन वीरमातेला मंचावर बसवावयाचे, आणि चितेची राख थंड होते न होते तोच तिच्यापुढे माईक धरून ‘दुसऱ्या मुलालाही पाठवाल का?’ असे विचारावयाचे, हा जो रिवाज अलीकडे पडला आहे तो मला अधर्म वाटतो. त्या प्रश्नाला एकच उत्तर देता येईल अशी तजवीज आधीच केलेली असते.

याच्या उलट वागणूक पालि ग्रंथांत सापडते. संयुत्तनिकायात योधाजीव नावाचा एक लढवय्यांचा नायक बुद्धाकडे येतो आणि विचारतो की, रणात मारता मारता मेलेला वीर स्वर्गाला जातो असे आमचे पूर्वाचार्य सांगत आले आहेत, तर आपले मत काय? बुद्ध म्हणतो, राहू दे, हे मला विचारू नकोस. तो पुन्हा विचारतो, बुद्ध पुन्हा टाळतो. तिसऱ्या खेपेला नाइलाजाने उत्तर मिळते की, ‘हे मारले जावोत, हे नष्ट होवोत’ या वासनेने भरलेल्या चित्ताला मरणोत्तर स्वर्ग नाही, अधोगती आहे. आणि तो योद्धा रडू लागतो. बुद्धाच्या बोलण्याने नव्हे, असे तो स्वतःच सांगतो. आजवर आपल्याला फसवले गेले म्हणून. सत्य ठाऊक असूनही शिपायासमोर ते दोनदा न बोलणे, यातली करुणा मला त्या उत्तराइतकीच मोलाची वाटते. मंडपातल्या त्या पाहुण्या वक्त्याला ही गोष्ट माहीत असती तर बरे झाले असते.

परभणी जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. भीमनगरांतल्या कित्येक घरांत एकाच भिंतीवर तथागताची तसबीर, बाबासाहेबांची तसबीर आणि वर्दीतल्या मुलाचा फोटो शेजारी शेजारी लावलेले असतात. संध्याकाळी त्या भिंतीसमोर हात जोडून प्राणिहत्येपासून विरत राहण्याचे पहिले शील घरातले सगळे म्हणतात, आणि वंदना झाल्यावर मुलाच्या युनिटची खबर विचारतात. वरकरणी ही विसंगती आहे. पण ज्यांनी हे शील या घरांना दिले ते स्वतः फौजी घरातले होते, हे लक्षात घेतले म्हणजे विसंगतीचे रूप बदलते. डॉ. आंबेडकर १८९१ साली महूच्या छावणीत जन्मले; वडील रामजी सुभेदार, लष्करी शाळेतले शिक्षक, आणि आजोबा मालोजीही फौजेतच. महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला उभी राहिली त्यामागे त्यांचा आग्रह होता, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखोंना पंचशील देणारेही तेच. कबीरपंथी रामजी सुभेदार मुलांकडून घरी महाभारत वाचून घेत. द्रोण आणि कर्ण ही लहान माणसे केवढ्या उंचीला चढली ते पाहा, असे समजावीत. मुलाला ते पटले नाही, भीष्म-द्रोण-कृष्ण यांपैकी कोणीच त्याला भावले नाही, आणि हे त्याने आयुष्याच्या अखेरीस लिहूनही ठेवले. शिपायाच्या घरात मोठ्याने वाचल्या गेलेल्या युद्धग्रंथाला त्याच घरातून दिलेले सविस्तर उत्तर, या नजरेने ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ वाचला तर त्यातल्या कित्येक जागा नव्याने उजळतात.

अहिंसा हे तत्त्व आहे, नियम नव्हे, आणि मारण्याची इच्छा वेगळी व मारण्याची निकड वेगळी, हा भेद आंबेडकर तेथे करतात. पहिलीला धम्मात जागा नाही, दुसरीला नाइलाजाने आहे. भिंतीवरच्या तीन तसबिरी या भेदामुळे एकमेकींशेजारी नांदू शकतात. पण यात एक अडचण उरते, ती झाकू नये. निकड आहे की नाही हे ठरविणार कोण? निकड नसलेले युद्ध आजवर कोणत्याही राज्यकर्त्याने जाहीर केलेले नाही. शिपायाला तर ते ठरविण्याचा अधिकारच नाही. हुकूम सुटल्यावर त्याने अर्जुनासारखे शस्त्र ठेवले तर त्याचे कोर्टमार्शल होईल, आणि होणे प्राप्तच आहे.

म्हणून आंबेडकरांनी प्रश्न विचारण्याची जागाच बदलली. जरा, व्याधी, मृत्यू पाहून सिद्धार्थाने घर सोडले ही रूढ कथा बाजूला सारून त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्याचा कज्जा मध्यवर्ती घेतला. शाक्य आणि कोलिय, सोयरिकीतले शेजारी, एकाच नदीवर शेती पिकविणारे. पाणी आधी कोणी घ्यावे यावरून दोहोंचे शेतकरी हातघाईवर आले, आणि शाक्यांच्या सेनापतीने शाक्यसंघापुढे युद्धाचा ठराव मांडला. वयाच्या विसाव्या वर्षी संघाचा सभासद झालेला सिद्धार्थ सभासदत्वाच्या आठव्या वर्षी येथे उठून उभा राहतो. आगळीक कोणाची याची आधी चौकशी करा, दोन माणसे आपली, दोन त्यांची, आणि त्या चौघांनी निवडलेला पाचवा, यांच्याकडे तंटा सोपवा, असे तो सुचवितो, बहुमताने हरतो. वीस ते पन्नास वयाच्या प्रत्येक शाक्याने शस्त्र धरावे असा ठराव आल्यावर तो नकार देतो. तेव्हा सेनापती काय करतो? कुटुंबावर बहिष्कार आणि जमिनीची जप्ती, हे अस्त्र काढतो. सभेत प्रश्न विचारणाऱ्याची किंमत त्याच्या घराकडून वसूल करण्याची ही युक्ती अडीच हजार वर्षांची जुनी आहे म्हणावयाची.

जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या शेवटाला ज्यांचे शेत आहे त्या परभणीच्या शेतकऱ्याला रोहिणीची कथा समजावून सांगावी लागत नाही. वरच्या धरणांतून पाणी सुटत नाही म्हणून नाशिक-नगर आणि मराठवाडा यांच्यात दर अवर्षणाला जो संताप उसळतो तो कोलिय-शाक्यांच्या संतापाहून उणा नाही. पण तो जलसंपत्ती प्राधिकरणापुढे, उच्च न्यायालयापुढे, वकिलांच्या कागदांतून लढला जातो, आणि निकाल लागेपर्यंत पीक वाळले तरी कोणाचा मुलगा पडत नाही. कोणी याला भेकडपणा म्हणत नाही. पाण्यासाठी जी अक्कल आपण पणाला लावतो तीच सीमेसाठी पणाला लावा असे सुचविणारा मात्र तत्काळ संशयित ठरतो. आणि फौजेत मुलगा असलेल्या बापाने हे सुचविले तर ‘तुमचं पोरगं तिथं आहे म्हणून बोलता’ असे त्याला ऐकविले जाते. होय, म्हणूनच बोलतो. किमतीचा आकडा घरात माहीत असलेला माणूस सौद्याच्या वेळी हजर असावा, यात पक्षपात कसला? रणांगणावर मोह ठरणारी माया सभेत पुरावा ठरते, एवढेच माझे म्हणणे आहे. आणि एरवी सभेत तिला जागा नसते म्हणूनच ती रणांगणावर भलत्या घडीला उफाळून येते.

सभेची दारे मात्र या घरांना सहसा उघडी नसतात. जून २०२२ मध्ये चार वर्षांच्या नोकरीची आणि त्यानंतर चौघांतल्या एकालाच कायम करण्याची अग्निपथ योजना जाहीर झाली ती पहाटे धावणाऱ्या पोरांना बातम्यांतून कळली. ७ डिसेंबरला ध्वजदिनाचा निधी गोळा होतो, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पेन्शनीचे अर्ज पुढे सरकतात, आणि सरकारदरबारी या घरांशी होणारे बोलणे बहुधा तेथेच आटोपते. आंबेडकरांच्या कथेत सिद्धार्थ घरी येऊन निर्णय सांगतो तेव्हा शुद्धोदन आणि गौतमी कोसळतात. यशोधरा मात्र सांगते की तुमच्या जागी मी असते तर कोलियांवरच्या युद्धात मीही सामील झाले नसते, राहुल लहान नसता तर तुमच्याबरोबर निघालेही असते. संघातला एकही सभासद इतके स्वच्छ बोलला नव्हता, आणि तिला संघात आसन नव्हते. पुढे लोकच रस्त्यावर आले, लवाद नेमला गेला, युद्ध टळले.

आमच्याकडच्या एका प्रचारसभेत मंचावर वीरमाता हवी म्हणून कार्यकर्ते एका बाईंकडे गाडी घेऊन आले होते. त्यांनी विचारले, “नुसतं बसायचंय का बोलायचंय?” कार्यकर्ता म्हणाला, “मावशी, तुम्ही फक्त बसा, बोलायला साहेब आहेत.” त्या गेल्या नाहीत, त्या दिवशी त्यांच्याकडे हरभऱ्याचे खळे होते, हेही एक कारण होतेच.